चाकावरची जागा

स्वारगेट या नावात एक स्वार बसलाय. मेट्रोच्या घोषणेत, पीएमपीच्या पाटीवर, रिक्षावाल्याशी घासाघीस करताना आपण दिवसातून दहादा हे नाव घेतो आणि तो काही दिसत नाही. जुन्या पुण्याच्या वेशीवर इथे घोडेस्वारांची चौकी होती, त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात. नावांच्या अशा गोष्टींवर माझा फार विश्वास नसतो, पण ही मला आवडते. कारण तिच्यात मराठीची एक जुनी सवय दिसते: लढणाऱ्या माणसाला त्याच्या वाहनावरून ओळखायची. घोड्यावर तो स्वार. त्यातही दोन प्रकार. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार, आणि ज्याला सरकारी पागेतला घोडा मिळतो तो बारगीर. म्हणजे घोडा कुणाचा, हे माणसाच्या हुद्द्यातच लिहिलेलं. तो लंगडा निघाला तर बोलणी कुणी खायची, तेही.

आता एखादा सैनिक घरापासून हजारो किलोमीटरवर, गाडीत बसलेला असताना मरतो आणि त्याच्याविषयी मराठीत लिहिलं जातं. त्या मजकुरात गाडी शोधून पाहा. 'वीरमरण' सापडेल. 'धारातीर्थी पडले' सापडेल. या शब्दात तलवारीची धार अजून शाबूत आहे, मारणारी वस्तू रस्त्याखाली पुरलेला डबा असली तरी. तिरंगा, पार्थिव, हवेत झाडलेल्या फैरी, शोकाकुल पंचक्रोशी, सगळं सापडेल. गाडी एका शब्दात उरकलेली असते: वाहन. कसलं वाहन, त्याचा तळ कसला, ते कुणी निवडलं, त्या रस्त्यावर त्यानं जावं असं कुणी ठरवलं, यातलं काही नाही. मी संरक्षणतज्ज्ञ नाही. माझं काम मजकूर वाचायचं आहे, आणि या लेखात मी फक्त तेवढंच करणार आहे: गाडीत मेलेल्या सैनिकांविषयीचे काही मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचणार आहे.

सुरुवात पुण्यापासूनच. कर्नल वैभव अनिल काळे यांनी २०२२ मध्ये लष्करातून मुदतीआधी निवृत्ती घेतली. ११ जम्मू-काश्मीर रायफल्सचे अधिकारी. मग ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात रुजू झाले. रुजू होऊन दोनेक महिने होत होते तेव्हा, १३ मे २०२४ च्या सकाळी, रफाहमधून युरोपियन हॉस्पिटलकडे जाताना त्यांच्या गाडीवर मारा झाला. ते ४६ वर्षांचे होते. सोबतची सहकारी जखमी झाली. ऑक्टोबर २०२३ पासून गाझात संयुक्त राष्ट्रांचे स्थानिक कर्मचारी शेकड्याच्या हिशेबात मारले गेले होते. बाहेरच्या देशातून आलेला कर्मचारी मरण्याची ही पहिलीच वेळ. अंत्यसंस्कार पुण्यात झाले. नोकरीच्या कागदावर ते आता सैनिक नव्हते, पण ज्या कामासाठी त्यांना घेतलं होतं ते काम त्यांना लष्करानंच शिकवलं होतं. कुठल्या रस्त्यानं गाडी न्यायची आणि कुठल्या नाही, हे ठरवणं हाच तर त्यांच्या विभागाचा पेशा.

त्या आठवड्यातल्या मराठी बातम्या तेव्हा फोनवर वाचल्या होत्या, हा लेख लिहायला घेतल्यावर पुन्हा काढून वाचल्या. बहुतेकींचा सांगाडा एकच. शिक्षण, एनडीए, पठाणकोट, घरची माणसं, पार्थिव कधी येणार. माणूस उभा करायचा प्रयत्न मनापासूनचा आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. रात्री अकराला पान सोडणाऱ्या उपसंपादकाच्या हातात दुसरं असतं तरी काय. पण मरणाचं वाक्य बघा. ते बहुतेक ठिकाणी कर्माशिवायचं आहे, कर्त्याशिवायचं तर आहेच. हल्ला झाला, त्यात मृत्यू झाला.

त्या वेळचे खरे वाचण्यासारखे मजकूर दोन होते आणि दोन्ही मराठीत जवळपास आलेच नाहीत. संयुक्त राष्ट्रांचं म्हणणं: गाडीवर आमची खूण स्पष्ट होती आणि आमच्या ताफ्यांची हालचाल आम्ही इस्रायली अधिकाऱ्यांना कळवतो. इस्रायली लष्कराचं सुरुवातीचं म्हणणं: या गाडीचा मार्ग आम्हाला कळवला नव्हता आणि ती जिथे होती तो चालू लढाईचा भाग होता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या प्रवक्त्यानं सांगितलं की हा गोळा रणगाड्यातून आला असं आम्ही मानतो. या तीन वाक्यांत संबंध प्रकरण आहे, आणि त्याच्या मधोमध गाडी आहे.

चिलखत दोन प्रकारचं असतं. एक पोलादाचं. दुसरं अक्षरांचं. पांढरा रंग आणि त्यावर दोन मोठी काळी अक्षरं, हे दुसऱ्या जातीचं. ते फक्त एका अटीवर चालतं: समोरच्यानं वाचलं पाहिजे. रणगाड्यातल्या माणसानं, ड्रोनच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसानं, नकाशावर ठिपका हलवणाऱ्या माणसानं वाचलं पाहिजे आणि वाचून थांबलं पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या गाड्या गेली कित्येक दशकं या भरवशावर जगभर फिरतायत. साहित्यावर लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा भीषण गोष्ट कोणती सांगणार? एका माणसाचं जगणं मजकूर वाचला जाण्यावर टांगलेलं, आणि पलीकडे उत्तर असं की आम्हाला तो मजकूर मिळालाच नव्हता.

'हे सगळं बातमीत कुठे मावणार?' असं कुणी म्हणेल. मावतं. निदान मराठीत एकेकाळी मावायचं. त्यासाठी चिपळूणच्या पत्राकडे जाऊ.

शिवकालातलं, १६७० च्या दशकातलं हे पत्र आहे. घोडदळाची छावणी पावसाळ्यासाठी चिपळूणजवळ होती आणि तिथल्या जुमलेदारांना, हवालदारांना, कारकुनांना ते लिहिलंय. शाळेत आपल्याला यातलं रयतेला त्रास देऊ नका एवढंच शिकवतात आणि त्यामुळे हे पत्र दयाळूपणाचं वाटतं. पूर्ण वाचलं की कळतं, हे वाहनसुरक्षेचं पत्रक आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी दाणा-वैरण साठवलीय. आत्ताच मनाला येईल तशी उधळलीत तर ऐन पावसात मिळायची नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल. तुम्ही मारली. रोगानं, पावसानं, दैवानं मारली असं नाही. पुढे तर आणखी खोलात जातं. कुणी गवताच्या गंजीजवळ चूल पेटवेल, कुणी चिलीम ओढेल, आणि रात्री दिवा तसाच जळत ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल, ती गवतात पडेल, आणि मग ना वैरण ना घोडी. दुर्घटना घडण्याआधीच तिची कारणमीमांसा लिहून ठेवलीय, उंदरापर्यंत. आणि प्रत्येक पायरीवर जबाबदार माणूस हजर आहे.

या गद्यात एकही गौरवाचा शब्द नाही. घोडा मेला तर तो स्वर्गात गेला असं म्हणायची सोय ठेवलेली नाही. मला हे मराठीतलं एक थोर गद्य वाटतं, ते लिहिणाऱ्याच्या मोठेपणामुळे नव्हे, त्या उंदरामुळे. आपल्याकडे पुतळ्यावर हार घालणारे लाखांनी आहेत, या उंदराची आठवण मात्र कुणी काढत नाही.

मग ते गद्य गेलं कुठे? त्याचा एक धागा स्वारगेटच्याच एसटी स्टँडवर सापडतो. साताऱ्याच्या गाडीच्या रांगेत सुट्टीवर निघालेले जवान साध्या कपड्यांतही ओळखू येतात. बारीक कापलेले केस, पाठीवरची सॅक, आणि रांग मोडणाऱ्याकडे बघायची एक विशिष्ट नजर. साताऱ्याच्या पुढे आपशिंगे नावाचं गाव आहे. ते आपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण मेले. अशा गावांना इंग्रज सरकारनं दगडात बसवलेल्या पाट्या दिल्या. महाराष्ट्रात त्या अजून ठिकठिकाणी दिसतात, वेशीवर, चावडीजवळ, कुठे शाळेच्या भिंतीत. त्यांचा मसुदा ठरलेला: या गावातून मोठ्या लढाईला इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. मोकळ्या जागेत दोन आकडे भरायचे. कुठे गेले ते नाही, कशानं मेले ते नाही. सैनिकाच्या मृत्यूचा आजचा मराठी मजकूर या छापील पाटीचा वारस आहे असं मला वाटतं. चिपळूणच्या पत्राचा नाही.

गंमत अशी की ज्या सरकारनं गावाला दोन आकडे दिले, त्याच सरकारनं स्वतःसाठी मात्र तपशीलवार मजकूर तयार करवून घेतला. पुण्याच्या नावाची एक अख्खी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली होती: सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला त्यांची लढाई झाली. जखमी साडेतीन हजारांच्या वर. एवढ्यांची सोय केलेलीच नव्हती. रुग्णवाहिका नव्हत्या. मग जखमींना घालण्यात आलं ते सामान वाहायच्या लष्करी गाड्यांवर: दोन चाकं, पुढे खेचरं, लोखंडी सांगाडा, लाकडी पाटा आणि स्प्रिंग नाही. मांडीचं हाड मोडलेला माणूस अशा गाड्यावर घालून नदीकाठापर्यंत मैलोन् मैल, खडबडीत वाळवंटातून. तिथून बोटी. त्यातली एक बोट बसऱ्याला लागली तेव्हा मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरला तिच्या कडेनं दोर लोंबताना दिसले. जवळ आल्यावर कळलं की ते दोर नव्हते, दिवसेंदिवस डेकवर पडून असलेल्या माणसांची वाळलेली विष्ठा होती. त्यानं वर कळवलं. वरच्यांनी त्यालाच दमदाटी केली.

हे सगळं मला कुठून कळलं? मेसोपोटेमिया कमिशनच्या अहवालातून. १९१६ मध्ये लंडनमध्ये हा आयोग नेमला, १९१७ च्या जूनमध्ये त्याचा अहवाल छापला. रुक्ष, साम्राज्याची बाजू सांभाळून लिहिलेला, पण त्यात गाडा आहे. गाड्याला स्प्रिंग नव्हती हे आहे. रुग्णवाहिका कुणी मागितल्या, कुणी दिल्या नाहीत, कुणी सगळं ठीक आहे अशी तार केली, हे नावानिशी आहे. त्याचा परिणाम काय झाला बघा. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. अहवालावरच्या चर्चेत एडविन माँटेग्यूंनी भारत सरकारला लाकडी, लोखंडी आणि जराही न लवणारं म्हटलं. हे भाषण वाचताना मी थबकले. लाकूड, लोखंड आणि लवचिकपणाचा अभाव: हे तर त्या गाड्याचंच वर्णन! माँटेग्यूंच्या ते मनात होतं की नाही कोण जाणे, पण वाहनाचं व्यंग राज्यकारभाराचं रूपक होऊन बसलं. चेंबरलेनच्या जागी हेच माँटेग्यू आले आणि २० ऑगस्ट १९१७ ची ती घोषणा झाली, जिच्यातून पुढे माँटफर्ड सुधारणा निघाल्या. भारताच्या घटनात्मक इतिहासाच्या एका वळणावर स्प्रिंग नसलेला गाडा उभा आहे. शाळेच्या पुस्तकात घोषणा असते, गाडा नसतो.

अहवालाला डोक्यावर घ्यायचं मात्र मला कारण नाही. आठ सदस्यांत एकही भारतीय नव्हता. गाड्याचं वर्णन आहे, गाड्यावरच्या माणसाचं नाव नाही. आणि हे फक्त अहवालापुरतं नाही. टायग्रिसच्या काठी अमारा नावाचं गाव आहे; जून १९१५ मध्ये ते पूना डिव्हिजननंच घेतलं होतं. तिथे डाव्या काठावर भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. सुमारे ५,००० जणांची. त्यातली नावं माहीत आहेत ती ९. पुरताना नोंदच ठेवली नाही. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या भारतीय शिपायांचे आकडे. तेव्हा आपशिंग्याची पाटी काही वेगळी नाही. वरपासून खालपर्यंत एकच शैली आहे.

आता त्याच अमारात नव्वद वर्षं पुढे. १६ जुलै २००५. ब्रिटिश सैन्य पुन्हा इराकमध्ये आहे. अमाराच्या रस्त्यावर गस्तीच्या गाडीखाली स्फोट होतो आणि तिघे सैनिक मरतात. गाडीचं नाव 'स्नॅच' लँड रोव्हर. ती मुळात उत्तर आयर्लंडसाठी केलेली. तिथे धोका दगडांचा, पेट्रोलच्या बाटल्यांचा, फार तर गोळ्यांचा. रस्त्यात पुरलेल्या बॉम्बपुढे तिचं काही चालत नव्हतं. सैनिक तिला चालती शवपेटी म्हणत. इराक आणि अफगाणिस्तान मिळून तिच्यात ३७ ब्रिटिश सैनिक मेले.

इथे थोडं यंत्र समजून घ्यावं लागेल, कारण पुढचा सगळा वाद त्यावर आहे. सुरुंगाचा धक्का खालून वर येतो. गाडीचा तळ सपाट आणि जमिनीलगत असेल तर तो धक्का सगळाच्या सगळा तळावर आदळतो. तळ होडीसारखा मधे निमुळता आणि जमिनीपासून उंच ठेवला तर धक्का दोन्ही अंगांना सरकतो. बसायची जागा तळाला न ठोकता वरून टांगली तर पाठीचा कणा वाचायची शक्यता वाढते. हे काही गुपित नव्हतं. दक्षिण आफ्रिकेत १९७० च्या दशकापासून अशा गाड्या बनत होत्या. त्यातली कॅस्पिर भारतानंही १९९० च्या दशकाच्या अखेरीला आणली. म्हणजे २००५ मध्ये अमाराच्या रस्त्यावर जे घडलं, त्यावरचा उपाय तोवर निदान पंचवीस वर्षं जुना होता.

मेलेल्यांपैकी एकाच्या आईनं कोर्टात धाव घेतली. संरक्षण खात्याचा बचाव होता की हे लढाईत घडलं, लढाईतल्या निर्णयांची कोर्टात चिरफाड करता येत नाही. २०१३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गाडी निवडणं, ती पुरवणं हे निर्णय बंदूक चालू असताना रणांगणावर घेतलेले नसतात. खटला चालू द्या. २०१७ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी त्या आईची माफी मागितली. मधल्या काळात, जुलै २०१६ मध्ये, चिलकॉट अहवाल आला. १२ खंड, २६ लाख शब्द. राजकारणासाठी तो गाजला, ब्लेअर, बुश, ती न सापडलेली अस्त्रं. मी वाचायला गेले ते गाड्यांचं प्रकरण. त्यात हळूहळू, टिपणामागून टिपण, एक माणूस नसलेली जागा दिसायला लागते. गाडी कमी पडतेय हे सगळ्यांना माहीत आहे. नवी हवी हेही. पण ही उणीव ओळखून मांडायची जबाबदारी खात्यात नेमकी कुणाची, हेच स्पष्ट नव्हतं, असा निष्कर्ष निघतो. आणि असा उशीर खपवून घ्यायला नको होता, असाही. अहवालाची भाषा थंड आहे. पण कादंबरीतला सर्वांत भयानक प्रसंग वाचावा तसं मला ते वाक्य वाटलं. बारगिराला घोडा दिलाय आणि पागा कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही.

आता 'वीरमरण' या शब्दाकडे परत बघता येईल. ब्रिटिश सरकारी वकील जे काम लढाईच्या नावानं मागत होते, तेच काम आपल्याकडे हा एक शब्द फुकटात करतो. रणात घडलं, पुढे विचारू नका. त्याला कायद्याचं पाठबळ लागत नाही, कारण तो शब्द उच्चारल्यावर प्रश्न विचारणाराच वाईट दिसतो. चितेसमोर गाडीचा तळ काढतोस?

यावरचा आक्षेप खरा आहे आणि तो मला एका मैत्रिणीनं चांगलाच सुनावला. तिच्या घरी दोन पिढ्या लष्करात. ती म्हणाली, तुला शब्द खटकतात, आमच्या घरात त्या शब्दावर माणसं उभी राहतात. मुलगा सपाट तळाच्या गाडीमुळे गेला हे कळून आजीला काय मिळणार होतं? माझ्याकडे याला उत्तर म्हणून फक्त ती अमाराची आई आहे. तिला बारा वर्षं कोर्ट, अर्ज आणि सुनावण्या चालल्या आणि ती मागत होती ते गौरवपत्र नव्हतं. शिवाय शब्द आजीसाठीच असता तर तो आजीच्या घरात राहिला असता. तो खात्याच्या पत्रकात पहिल्या ओळीत असतो.

स्मारकांतही हेच दिसतं. कुठल्याही शहरातल्या युद्धस्मारकात जा, चौथऱ्यावर रणगाडा असतो, विमान असतं. जिंकलेली वाहनं, नाहीतर शत्रूकडून हिसकावलेली. ज्यात आपली माणसं मेली ते वाहन चौथऱ्यावर नसतं. अपवाद आठवतो तो दीवचा. ९ डिसेंबर १९७१ ला बुडालेल्या आयएनएस खुकरीची प्रतिकृती तिथे समुद्राकडे तोंड करून काचेत उभी आहे. नौदलाला जहाजाला नाव असायची सवय आहे, म्हणून असेल. ट्रकला नाव नसतं, नंबर असतो, आणि सिनेमात तर ट्रक ही काडेपेटी असते. 'उरी' मध्ये सुरुवातीलाच लष्कराचा ताफा उडतो. त्यानंतर दोन तास सूड आहे, तो ताफा त्या रस्त्यावर तसा का चालला होता हे विचारायला पटकथेला सवड नाही. रील्समध्ये तेवढाही धीर नाही. स्फोट, संथ गती, गाणं.

पण ज्यांना त्या गाड्यांत बसायचं असतं ते लोक गाडीविषयी बोलतात, आणि फार बारकाईनं बोलतात. हे मला साताऱ्याच्या त्याच गाडीत कळलं. शेजारी सत्तरीकडे झुकलेले एक निवृत्त नाईक होते. श्रीलंकेत गेलेले, १९८७ ते ९० च्या शांतिसेनेत. त्या मोहिमेत भारताचे अकराशेहून जास्त जवान मेले, आणि त्या लढाईत रस्ते, मोऱ्या, पूल यांखाली पुरलेले सुरुंग ही रोजची गोष्ट होती. कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडेच त्यांनी विषय काढला, खड्ड्यावरून. म्हणाले, "ताई, आमच्या ट्रकात खाली वाळूची पोती असायची. तळाला एक थर पोत्यांचा, वर आम्ही." पोत्यानं काय होतं, मी विचारलं. "पत्रा फाटून वर येतो ना, त्याला जरा अडतं. पण गाडी जड होती, चढाला दमते. मग ड्रायव्हर म्हणायचा पोती काढा, आणि आमी म्हणायचो तू उतर." हसले. मग म्हणाले, "चाकावरची जागा कुणाला नको असायची. सुरुंग दाबतं ते चाक. मागच्या चाकावर कोण बसणार, यावरनं रोज सकाळी वाद. नव्या पोराला बसवायचे कधी, कधी पाळी लावायचे. साहेब काही बोलायचे नाहीत त्यात."

एवढंच. शिरवळला ते उतरले. पण चिपळूणच्या पत्रानंतर या विषयावरचं चांगलं मराठी गद्य मी ऐकलं ते हे. त्यात उंदीर आहे: पत्रा फाटून वर येणं, पोत्याचं वजन, चढ, ड्रायव्हरची कुरकुर, पाळी लावणं, साहेबांचं गप्प बसणं. सरकारी पत्रक आणि बातमी मिळून जे सांगत नाहीत ते त्या एका जागेच्या भांडणात होतं. अशी माणसं स्वारगेटवर रोज शेकड्यानं चढतात-उतरतात, आणि आपल्या साहित्यात लष्करातला माणूस आला की तो एकतर पोवाडा होऊन येतो नाहीतर सुट्टीवर आलेला नवरा होऊन.

आणि हे पुण्यात घडतंय याचं मला जास्त वाटतं. कारण त्या निमुळत्या तळांचं, टांगलेल्या बाकांचं शास्त्र आता इथेच आहे. मुंढव्याच्या भारत फोर्जला फेब्रुवारी २०२१ मध्ये 'कल्याणी एम-४' या चिलखती गाड्यांची १७७.९५ कोटी रुपयांची लष्करी ऑर्डर मिळाली. एप्रिल २०२२ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख, आपल्याच गावचे जनरल मनोज नरवणे, यांच्या उपस्थितीत पुण्यात नव्या गाड्या सैन्यात दाखल झाल्या. या बातम्या तपशिलानं भरलेल्या होत्या. वजन, वेग, किती स्फोटकं सोसेल, सगळं. म्हणजे मराठी पत्रकारितेला गाडीचं वर्णन करता येतं! फक्त ते अर्थकारणाच्या पानावर येतं, जिथे गाडी नवी आहे आणि आत कुणी नाही. आत कुणी असताना गाडी पहिल्या पानावर जाते आणि 'वाहन' होते. ही दोन पानं एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत. त्यांची गाठ पडत नाही. एका पानावरच्या माणसानं दुसऱ्या पानावरच्याला फोन करून विचारावं: ही गाडी कुठल्या रस्त्यांवर गेली आणि कुठल्या रस्त्यांवर अजून जुनाच ट्रक जातोय? एवढ्या एका फोनची बातमी वाचायला मी पैसे देईन.

तो फोन देशाबाहेरच्याच मरणासाठी करावा असं नाही. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत कुरखेड्याजवळ आदल्या रात्री नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली. तिकडे निघालेलं पोलिसांचं शीघ्र कृती पथक जांभूळखेड्यापाशी भूसुरुंगात सापडलं. १५ जवान गेले. ते ज्या गाडीत होते ती खाजगी होती. निमुळता तळ, टांगलेले बाक यांचा प्रश्नच नव्हता. आणि चाकावरच्या जागेवरून भांडायची मुभा नसलेला माणूस कुठल्याही गाडीत एकच असतो, ड्रायव्हर. तोही गेला. तो पोलीस नव्हता. गाडीबरोबर आलेला साधा माणूस. जुन्या भाषेत त्याला शिलेदार म्हणायचं की बारगीर, हे मला ठरवता येत नाही. बहुतेक मथळ्यांत आकडा १५ होता. तो खाली मजकुरात होता, 'आणि एक चालक' असा.